गारेच्या पोटातले चांदणे

मराठीत ‘गार’ हा शब्द तीन अर्थांनी नांदतो. वळवाच्या पावसाबरोबर आभाळातून कोसळते ती गार; ओढ्याच्या पात्रात किंवा माळरानावर सापडणारा पांढरा, काचेसारखा कठीण दगड तीही गार; आणि हाताला शीतल लागते तेही गारच. प्राचीन ग्रीकांनी बर्फाला आणि स्फटिकाला एकाच शब्दाने संबोधिले, आणि रोमन ग्रंथकार प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात असे नमूद करून ठेविले की, अतिशीत प्रदेशातले बर्फ कायमचे गोठून जाते तेव्हा त्याचा स्फटिक होतो. ही समजूत शास्त्राच्या कसोटीला उतरली नाही हे खरे. परंतु ज्याने कोणी गारेची ही तीन रूपे एका शब्दात गोविली, त्याच्या बोटांना काहीतरी खरे जाणवले होते, यात मला शंका नाही. स्फटिकाचा दगड हातात घेतला असता काचेपेक्षा खरोखरच थंड लागतो, कारण हाताची उष्णता तो काचेहून अधिक त्वरेने शोषून घेतो.

या गारेची माझी पहिली ओळख विहिरीच्या कामावर झाली. आमच्या मळ्यातली विहीर एका उन्हाळ्यात आटली आणि ती खोल करण्यासाठी वडार मंडळी आली. सुरुंग लावून फोडलेला कातळ वर येई, त्याचा ढीग काठावर पडे, आणि आम्ही मुले त्या ढिगाभोवती घोटाळत असू. एके दिवशी नारळाएवढा एक ओबडधोबड, मातकट गोळा वर आला. त्यांच्यातल्या एका वृद्ध कामगाराने तो घणाच्या एका बेताच्या ठोक्याने दुभंगला आणि अर्धा भाग माझ्या ओंजळीत ठेवीत म्हणाला, “घे पोरा, दगडातली खडीसाखर.” बाहेरून ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नसते, त्या गोळ्याच्या आतली पोकळी लक्षावधी सूक्ष्म कणांनी मढलेली होती, तो तुकडा उन्हात किंचित फिरविला की एका कणावरचा प्रकाश विझे आणि शेजारच्यावर पेटे. मी तो जिभेला लावून पाहिला. साखर नव्हती, पण गार मात्र होती.

अशा रीतीने ज्या दगडाच्या पृष्ठभागावर बारीक स्फटिकांचे दाट आवरण चढलेले असते, त्या आवरणाला खनिजशास्त्रात ‘ड्रूझ’ म्हणतात. शब्द जर्मन खाणकामगारांचा आहे. जवाहिऱ्यांच्या पेठेत त्याचे ‘ड्रूझी’ असे रूप रूढ झाले आहे. ड्रूझी हे एखाद्या विशिष्ट रत्नाचे नाव नव्हे, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. माणिक, पाचू, पुष्कराज ही जशी वेगवेगळी रत्ने, तशी ड्रूझी ही जात नव्हे, ते रत्नाचे एक रूप आहे. अकीकावर ड्रूझी असते, जांभळ्या कटेल्याची असते, हिरव्या गार्नेटचीही असते. तरीही दागिन्यांत जे ड्रूझी खडे दिसतात, त्यांपैकी बहुतेक स्फटिकाचेच, म्हणजे आपल्या गारेच्याच कुळातले असतात.

हे आवरण निर्माण कसे होते, ते समजून घेण्यासाठी आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही; ज्या भूमीवर आपली घरे उभी आहेत, तीच त्याची प्रयोगशाळा आहे. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी, पृथ्वीला पडलेल्या प्रचंड भेगांतून लाव्हारसाचे लोट बाहेर पडले आणि एकावर एक थर चढत जाऊन त्यांनी आजच्या महाराष्ट्राचा बहुतेक मुलूख आणि त्याच्या सभोवारचा मोठा प्रदेश व्यापून टाकिला. आजही या काळ्या पाषाणाचा विस्तार सुमारे 5 लक्ष चौरस किलोमीटर आहे. भाकरी भाजताना पिठातली वाफ जशी जागोजागी फुगते, तसे त्या रसातले वायू वर येता येता रस थिजून गेला की बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहत. काही वाटाण्याएवढ्या, काही रांजणाएवढ्या, तर काहींत माणूसही शिरू शकेल. पुढे दीर्घकाळपर्यंत या पोकळ्यांतून पाणी झिरपत राहिले. खडकातून वाहताना त्यात सिलिका विरघळे, आणि पोकळीत विसावताना, थंड होताना, ती सिलिका भिंतींवर बसे. प्रथम बसणारा थर बहुधा इतका सूक्ष्मकणी असतो की त्याचे कण साध्या डोळ्यांना दिसत नाहीत; तोच पट्ट्यापट्ट्यांचा अकीक. पुढे पाण्यातला ऐवज बदलतो, बसण्याची गती बदलते, आणि त्याच भिंतीवर डोळ्यांना दिसतील असे षट्कोनी स्फटिक पोकळीच्या मध्याकडे तोंड करून वाढू लागतात. कित्येक पोकळ्यांच्या भिंतींना स्फटिकांच्याही आधी एका हिरव्या मातीचा पातळ लेप बसलेला आढळतो. अजिंठ्याच्या चित्रांत जो हिरवा रंग आहे, तो याच जातीच्या हिरव्या मातीचा.

येथे एक गोष्ट फार मनोहर घडते. आरंभी भिंतीवर असंख्य ठिकाणी एकाच वेळी स्फटिकांचे अंकुर फुटतात आणि प्रत्येकाचे तोंड निराळ्या दिशेला असते. जे अंकुर तिरपे वाढतात ते लवकरच शेजाऱ्याच्या अंगावर जाऊन अडतात आणि तेथेच खुंटतात. जे भिंतीशी काटकोनात सरळ उभे राहतात त्यांनाच पुढे जागा मिळते. दाट पेरलेल्या शेतात रोपांची जशी आपोआप विरळणी व्हावी, तशीच ही विरळणी. ती अर्ध्यावर थांबली, पाणी आटले किंवा त्यातली सिलिका संपली, की त्या क्षणी उरलेली ठेंगण्या, दाट, टोकदार कणांची रास म्हणजे ड्रूझ. दीर्घकाळ पुरवठा चालू राहिला असता तर त्यांतल्या थोड्यांचे मोठे, दिमाखदार स्फटिक झाले असते. तेव्हा ड्रूझीचे सौंदर्य हे अपुऱ्या राहिलेल्या वाढीचे सौंदर्य आहे, असे म्हणावयास हरकत नाही. आणि मला तर ते पूर्ण वाढलेल्या स्फटिकाहून अधिक मोह घालते.

यातला कण कितीही बारीक असला, तरी त्याच्या घडणीत कसूर नसते. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या निकोलस स्टेनो याने 1669 मध्ये असे दाखवून दिले की, स्फटिक लहान असो वा मोठा, सरळ असो वा वेडावाकडा, त्याच्या संवादी पृष्ठांमधला कोन कधीही बदलत नाही. गारेच्या स्फटिकाच्या लगतच्या उभ्या बाजू परस्परांशी 120 अंशांचाच कोन करितात. मग तो स्फटिक हाताएवढा असो की मोहरीच्या दाण्याएवढा. रत्नकार हिऱ्याला जे पैलू पाडतो, ते चाकावर मोठ्या कौशल्याने पाडलेले असतात. ड्रूझीच्या प्रत्येक कणाला ते पैलू उपजतच लाभलेले असतात, आणि म्हणूनच ही रत्ने घडविणाऱ्याचे कसब पैलू पाडण्यात नसून आहेत ते पैलू राखण्यात आहे. हा सगळा विषय मला प्रिय वाटतो तो याच कारणाने.

आता वाचक साहजिकच विचारील की, आपल्या खडकाच्या पोटात इतका खजिना असताना त्याचे दागिने का होत नाहीत? याचे उत्तर पोकळीत काय भरले आहे यावर अवलंबून आहे. आमच्या पोकळ्यांत गारेच्या जोडीने झिओलाइट गटातली आणि त्यांच्या सोबतीने आढळणारी खनिजे विपुल सापडतात. पुण्याजवळच्या पाषाणच्या खाणींतला हिरवट, पाण्यासारखा नितळ अपोफिलाइट, वाघोलीच्या खाणींतला गर्द निळा कॅव्हन्साइट, जळगाव आणि नाशिककडचा पीचच्या रंगाचा स्टिल्बाइट, हे सारे जगभरच्या खनिजसंग्राहकांना ठाऊक आहेत. एकोणिसाव्या शतकात बोरघाटातून लोहमार्ग नेताना जो डोंगर फोडला गेला, त्यातूनही असे उत्तमोत्तम नमुने निघून परदेशच्या संग्रहालयांत जाऊन पोहोचले. ज्यांना ही संपत्ती प्रत्यक्ष पाहावयाची असेल त्यांनी सिन्नरचे ‘गारगोटी’ संग्रहालय एकदा अवश्य पाहावे. तेथील दालनांतून हिंडताना आपण पायाखाली काय तुडवीत आलो, याची जाणीव झाल्यावाचून राहत नाही.

परंतु हे सौंदर्य अंगावर वागविण्याजोगे नाही. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिख मोस याने 1812 मध्ये काठिण्याची जी श्रेणी लावून दिली, तीत हिऱ्याचा क्रम 10 आणि गारेचा 7 आहे. स्टिल्बाइट जेमतेम 4 पर्यंत पोहोचतो आणि अपोफिलाइट 5 च्या आत राहतो, शिवाय त्याचे पापुद्रे सुटतात. घरातल्या साध्या धुळीतही गारेचे सूक्ष्म कण असतात. त्यामुळे 7 हून कमी काठिण्याचा खडा रोज वापरला आणि पुसला, की काही वर्षांत त्याचे पाणी उतरते. अशा खनिजांना काचेच्या कपाटात मान आहे, अंगठीत नाही. गार त्या धुळीला पुरून उरते, आणि अकीकाच्या चिवट पाठीवर उभी असलेली गारेची ड्रूझ तर दागिन्यासाठी जणू निसर्गानेच तयार करून दिलेली जिन्नस आहे.

अकीकाचा व्यापार दख्खनला नवा नाही. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणचा निर्देश आहे. भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर असलेल्या या नगरातून अकीक जातीचे दगड गाड्यांत भरून, रस्ता नसलेल्या मुलुखांतून, मोठ्या प्रमाणावर भडोच बंदराला जात, असे तो लेखक सांगतो. भडोचजवळच्या रतनपूरच्या खाणी आणि खंबायतचे मणिकार यांचे नाव तर शतकानुशतके गाजत आले आहे. युरोपात हाच धंदा जर्मनीतल्या इडार-ओबरस्टाइन या गावी भरभराटला. तेथील कारागीर पाणचक्कीवर फिरणाऱ्या प्रचंड दगडी चाकांसमोर लाकडी घोडीवर पालथे पडून, साऱ्या अंगाचा भार देऊन अकीक घाशीत असत. गावच्या खाणी रित्या होऊ लागल्या तेव्हा तेथून दक्षिण अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या लोकांना ब्राझीलच्या दक्षिण भागात अकीकाच्या राशी सापडल्या, आणि 1834 पासून तो माल जहाजांतून इडारला येऊ लागला. ब्राझीलचा तो प्रदेश आणि लगतचा उरुग्वे यांचा खडकही आपल्यासारखाच लाव्हारसाचा आहे, फक्त आपल्याहून सुमारे दुप्पट जुना. आज जगाच्या पेठेत दिसणारी कटेल्याची भव्य, जांभळी पोकळ गोलके पुष्कळशी तेथूनच येतात.

मणी आणि पेले घडविणाऱ्या जुन्या कारागिराला अकीकाच्या पोटातली पोकळी अडचणीचीच वाटणार. त्याला भरीव दगड हवा. ड्रूझीचा खडा घडविणाऱ्याची दृष्टी याच्या नेमकी उलट लागते. तो दगडाचे दोन भाग करून पोकळीच्या भिंतीचे निरीक्षण करितो, कण कोठे एकसारखे आहेत, कोठे तुटले आहेत, कोठे मातीचा वा लोखंडाच्या गंजाचा डाग आहे, हे भिंगातून पाहून जागा मुक्रर करितो. गंजाचे डाग बहुधा ऑक्झॅलिक आम्लात भिजवून काढितात. मग हिरकणीच्या पात्याच्या करवतीने, पाण्याच्या धारेखाली, भिंतीचा तेवढा तुकडा अलग केला जातो, त्याची पाठ घासून सपाट केली जाते आणि कडा गोल, लंबगोल किंवा थेंबाच्या आकारात वळविल्या जातात. सारे काम पाठीवर आणि कडेवर. दर्शनी बाजूला चाकाचा स्पर्शही होता कामा नये, कारण एक कण खरवडला गेला तर तेथे कायमचा आंधळा डाग पडतो. पाठीचा अकीक फार पातळ ठेविला तर खडा तडकतो, फार जाड ठेविला तर दागिन्याला जड होतो. त्यानंतर सोनाराची पाळी येते. खड्याला चोहोबाजूंनी कवेत घेणारे कोंदणच या कामाला योग्य. ते कडेवर दाबताना हत्यार निसटले, तर सगळी मेहनत वाया जाते.

रंगांच्या बाबतीत निसर्गाची उदारता आणि मनुष्याचा हस्तक्षेप हे दोन्ही येथे इतके मिसळले आहेत की, त्यांचा तपशील ग्राहकाला ठाऊक असणे अगत्याचे आहे. शुद्ध गारेची ड्रूझ पांढरी किंवा करडी असते. गारेत अत्यल्प लोह असून त्यावर खडकातल्या नैसर्गिक किरणोत्साराचा परिणाम झाला, तर ती जांभळी होते आणि तिला कटेला म्हणतात. तोच कटेला भट्टीत तापविला की पिवळा किंवा नारिंगी होतो. तांब्याच्या क्षारांच्या सान्निध्यात वाढलेली निळसर-हिरवी ड्रूझ अमेरिकेतल्या ॲरिझोनात सापडते. सर्वांत देखणी मात्र, माझ्या मते, उरल पर्वतातली युव्हारोव्हाइट नावाच्या हिरव्या गार्नेटची होय. 1832 मध्ये वर्णिल्या गेलेल्या आणि रशियन मुत्सद्दी सर्गेई युव्हारोव्ह याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खनिजाचा रंग क्रोमियममुळे पाचूशी स्पर्धा करितो. परंतु त्याचे कण क्वचितच 2 मिलिमीटरांहून मोठे होतात. पैलू पाडण्याइतका खडा जवळजवळ मिळतच नसल्यामुळे ते मातृखडकासकट, ड्रूझीच्याच रूपात, कोंदणात बसवावे लागते.

पेठेतल्या भडक निळ्या, गुलाबी, मोरपंखी ड्रूझी मात्र बहुतेक मनुष्यनिर्मित रंगाच्या असतात. अकीक सच्छिद्र असल्यामुळे रंग पितो, आणि ही विद्या इडारच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकातच हस्तगत केली होती: दगड साखरेच्या पाकात मुरवून पुढे गंधकाम्लात ठेविला, की छिद्रांतली साखर जळून कोळसा होते आणि दगड काळाभोर होतो. अलीकडची रीत याहून निराळी आहे. निर्वात केलेल्या पेटीत टायटेनियमसारख्या धातूची वाफ करून तिचा अतिशय पातळ थर कणांवर चढवितात. साबणाच्या फुग्यावर किंवा पाण्यावर पसरलेल्या तेलाच्या थेंबावर जे रंग खेळतात, तेच या थराच्या पातळपणामुळे येथे खेळू लागतात. मी या संस्काराला फसवणूक म्हणत नाही; दगड खराच असतो. पण तो झाला असल्याचे विक्रेत्याने सांगितलेच पाहिजे, कारण हा थर घासला की निघतो, आणि नैसर्गिक रंग निघत नाही. एखाद्या तळावर काचेचा चुरा चिकटवून केलेली नक्कल ही मात्र शुद्ध लबाडी होय. सोनाराच्या भिंगातून पाहिले तर ती ओळखता येते: खरे कण तळातून उगवलेले दिसतात, त्यांना टोके आणि सरळ पैलू असतात, नकलेत तुकडे वेडेवाकडे फुटलेले, डिंकात रुतलेले आणि मधूनमधून हवेचे बुडबुडे अडकलेले दिसतात. रंग दिलेल्या दगडात तो रंग भेगांच्या तळाशी दाट साचलेला आढळतो.

ड्रूझीचा खडा गळ्यात किंवा कानात घालावा. बोटातल्या अंगठीत तो वारंवार आपटतो, आणि गार कठीण असली तरी तिची टोके ठिसूळ असतात. कणांच्या दरम्यान धूळ आणि पावडर साचली की चमक मंदावते. तेव्हा कोमट पाण्यात सौम्य साबण घालून मऊ ब्रशाने हलकेच धुवावे आणि तसेच वाळू द्यावे. दागिने साफ करण्याच्या कंपनयंत्रात तो कधीही टाकू नये.

एक गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. गार घासताना जी धूळ उडते, ती श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन बसते आणि तेथे कायमच्या गाठी निर्माण करिते. या व्याधीला सिलिकोसिस म्हणतात, आणि ती जडल्यावर बरी होत नाही. खंबायतमध्ये अकीक घासणाऱ्या कितीतरी कारागिरांना आणि त्यांच्याच घरात, त्याच हवेत वावरणाऱ्या माणसांना ती जडली आहे. पाण्याच्या धारेखाली काम करणे आणि धूळ ओढून घेणारे पंखे बसविणे, हे तिच्यावरचे ज्ञात आणि साध्य उपाय आहेत. जो व्यापारी ते करीत नाही, त्याच्याकडचा खडा कितीही चमकला तरी मला तो विकत घ्यावासा वाटणार नाही.

आमच्या सोनारांना माझी एक विनंती आहे. वाटी, पुतळी, ठुशी यांच्या घडणीत त्यांचा हात आजही कोणाला हार जाणारा नाही, आणि ज्या कातळावर ते राहतात, त्याच्या पोटातून निघालेली गार खाणीवर खडी होऊन रस्त्यात जात आहे. तिचा एक स्वच्छ, न रंगविलेला तुकडा चांदीच्या साध्या कोंदणात बसवून पाहावा. आणि वाचकहो, असा खडा विकत घ्याल तेव्हा त्याचे गाव विचारा. विक्रेत्याने ते सांगितले, तर त्याच्याकडून पावतीवर लिहून घ्या.